वैद्यकीय विद्यार्थ्यांचे सार्वजनिक आरोग्य संशोधन

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्राध्यापकाच्या देखरेखीखाली गावात, वस्तीत, शाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एखाद्या आजाराचे प्रमाण, त्याची कारणे किंवा आरोग्यसेवेचा वापर यांविषयी केलेला पद्धतशीर अभ्यास. विकसनशील देशांत अशा अभ्यासाची खरी गरज आहे. भारतातील राष्ट्रीय सर्वेक्षणे जिल्ह्यापर्यंतचा आकडा देतात, पण एखाद्या उपकेंद्राखालील चार गावांत काय चालले आहे हे त्यांतून कळत नाही. ते विद्यार्थी शोधू शकतो. मात्र प्रश्न लहान हवा आणि मोजमाप काटेकोर हवे. बहुतेक अभ्यास संख्याशास्त्रात नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, घर निवडताना आणि बोटातून रक्त घेताना बिघडतात.

इतिहास : या परंपरेतील सर्वांत हृदयद्रावक नाव पेरू देशातले आहे. लिमा येथील वैद्यकीय विद्यार्थी दानियेल कारियोन याने ऑगस्ट १८८५ मध्ये ‘व्हेरुगा’ या त्वचेवर गाठी येणाऱ्या रोगाच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या दंडात टोचून घेतले. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला तीव्र ताप आणि रक्तक्षय झाला आणि ५ ऑक्टोबर रोजी तो मरण पावला. रेल्वेमार्ग बांधणाऱ्या मजुरांचे बळी घेणारा ‘ओरोया ताप’ आणि व्हेरुगा ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत, हे त्यावरून दिसून आले. पेरूमध्ये ५ ऑक्टोबर हा वैद्यकदिन म्हणून पाळतात. आजची कोणतीही नैतिकता समिती असा प्रयोग मान्य करणार नाही, आणि करूही नये. त्याच्या प्रश्नाची स्पष्टता मात्र आजही अभ्यासण्याजोगी आहे.

भारतात आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने (१९४६) वैद्यकीय शिक्षणाला समाजाशी जोडण्याचा आग्रह धरला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे शिबिरात राहते आणि वाटून दिलेल्या कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाते. अलीकडे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तीत पदवीपूर्व विद्यार्थी मार्गदर्शकासह प्रस्ताव पाठवतो, निवड झाल्यास दोन महिन्यांत काम पूर्ण करतो आणि अहवाल मान्य झाल्यावरच त्याला विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळते.

प्रश्न आणि नमुन्याचा आकार : दोन महिन्यांची ही मर्यादा प्रश्नाचे आकारमान ठरवते. ‘ग्रामीण महिलांचे आरोग्य’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘अमुक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील १५ ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण किती?’ हा प्रश्न झाला. पुढील विवेचनासाठी तोच घेऊ, कारण महाराष्ट्रात हा अभ्यास वारंवार होतो आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या असतात.

किती स्त्रिया तपासायच्या, हे ४ × प × फ ÷ च² या सूत्राने काढतात. ‘प’ म्हणजे अपेक्षित प्रमाण, ‘फ’ म्हणजे १०० वजा प आणि ‘च’ म्हणजे चालणारी चूक, तिन्ही टक्क्यांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रात या वयोगटातील ५४.२% स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ५४ धरून आणि ५ टक्के चूक चालवून घेतली तर ३९८ स्त्रिया लागतात, ७ टक्के चालवली तर २०३, १० टक्के चालवली तर १००. प्रशिक्षण, नोंदी संगणकात भरणे आणि अहवाल यांचे दिवस वजा केले, तर प्रत्यक्ष गावात जायला जेमतेम २५ ते ३० दिवस उरतात. एका विद्यार्थ्याला मुलाखत आणि रक्ततपासणी धरून दिवसाला आठ-दहा स्त्रिया नीट होतात. म्हणून २०३ हा प्रामाणिक आकडा आहे. नकार आणि गैरहजेरीसाठी १० टक्के जागा ठेवली की तो सुमारे २२६ होतो. मोठी संख्या लिहून शेवटच्या आठवड्यात घाईने भरलेले अर्ज काहीच कामाचे नसतात.

येथे एक सापळा आहे. ‘१०% चूक’ हे निरपेक्ष की सापेक्ष, हे प्रस्तावात लिहिलेले नसते. अपेक्षित प्रमाण २०% असेल तर निरपेक्ष १० टक्क्यांना ६४ व्यक्ती पुरतात, पण उत्तर ‘१० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान’ असे येते. सापेक्ष १० टक्के, म्हणजे २० च्या दहाव्या हिश्श्याइतकी २ टक्के चूक धरली, तर १,६०० व्यक्ती लागतात.

घरांची निवड : गावाची यादी अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीतून मिळते. ती ताजी आहे का, आणि त्यात गावठाणाबाहेरच्या वस्त्या, पाडे, तांडे आले आहेत का, हे आधी पाहावे लागते. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात अभ्यास केला तर नेमकी तीच घरे कुलूपबंद असतात आणि गावाचे चित्र आहे त्यापेक्षा बरे दिसते.

लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ३० समूह × ७ बालके ही पद्धत विद्यार्थ्यांत फार रूढ आहे. गावांची लोकसंख्या एकापुढे एक मिळवत जाणारी यादी करून एकूण संख्येला ३० ने भागायचे, येणाऱ्या अंतराच्या आतला एक यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारखा) आकडा घेऊन पहिले गाव निवडायचे आणि पुढे तेच अंतर मिळवत जायचे. गावात एक घर यादृच्छिक निवडून मग शेजारचे, शेजारचे असे सात बालकांपर्यंत जायचे. अडचण या शेवटच्या टप्प्यात आहे. गावाच्या मध्यापासून सुरुवात केली की चावडी-देवळाजवळची घरे जास्त येतात. नंतरच्या मार्गदर्शिकेत संघटनेने समूहातल्या घरांची आधी यादी करून त्यातून निवड करण्यास सांगितले आहे. विद्यार्थ्याने हेच करावे. त्याला एक दिवस जास्त लागतो, एवढेच.

निवडलेल्या घरी कोणी नसेल तर शेजारचे घर घ्यायचे नाही. वेगवेगळ्या वेळी, त्यातून एकदा तरी संध्याकाळी, आणखी दोन खेपा घालायच्या. सकाळी अकराला घरी सापडणाऱ्या स्त्रिया म्हणजे बहुधा बाळंतिणी, आजारी किंवा वयस्क. शेतमजुरीला गेलेल्या स्त्रियांचा रक्तक्षय मग मोजलाच जात नाही.

हिमोग्लोबिनचे मोजमाप : गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि गरोदर स्त्रीत ११ च्या खाली हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय धरतात. तीव्र रक्तक्षयाची सीमा अनुक्रमे ८ आणि ७ आहे. अर्ध्या ग्रॅमच्या चुकीनेही शेकडा प्रमाण बरेच हलते, कारण बहुसंख्य स्त्रियांचे आकडे सीमेच्या आसपासच असतात.

साहलीच्या पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात घालून सुमारे १० मिनिटे ठेवतात आणि मग ऊर्ध्वपातित पाणी थेंबथेंब टाकत रंग जुळवतात. रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्याने दोन निरीक्षकांत फरक पडतो. संशोधनासाठी ही पद्धत वापरू नये. प्रयोगशाळेतील सायनमेथिमोग्लोबिन पद्धतीत २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात मिसळून ५४० नॅनोमीटरवर वाचन घेतात. ती विश्वासार्ह आहे, पण द्रावणात सायनाइड असल्याने त्याची विल्हेवाट नियमानुसारच लावावी लागते.

गावात हिमोक्यूसारखे हातात धरण्याचे यंत्र सोयीचे. मधले किंवा अनामिका बोट, बोटाच्या टोकाची बाजू. आधी हात कोमट करून घ्यावा आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. पहिले दोन थेंब कोरड्या कापसाने पुसून तिसरा थेंब एका दमात क्युव्हेटमध्ये (यंत्रात घालायच्या, रक्त शोषून घेणाऱ्या छोट्या पट्टीत) भरावा. रक्त येत नाही म्हणून बोट पिळले की ऊतीतील द्रव मिसळून आकडा खोटाच कमी येतो. क्युव्हेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ते टाकून नवे घ्यावे. क्युव्हेटची बाटली उघडी राहिली तर आतला अभिकर्मक (रक्ताशी क्रिया करणारे रसायन) दमट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात ती दुचाकीच्या डिक्कीत ठेवणे म्हणजे ती वाया घालवणे. दर दहाव्या स्त्रीचे नीलेचे रक्त प्रयोगशाळेत तपासून तुलना केली तर अहवालाला वजन येते.

बोटातले आणि नीलेतले रक्त एकच उत्तर देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ ने बोटातील रक्तावरून ६ ते ५९ महिन्यांच्या ६७.१% बालकांत रक्तक्षय नोंदवला. समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६–१८) नीलेतील रक्तावरून १ ते ४ वर्षांच्या बालकांत तो ४१% होता. वयोगट आणि वर्षे वेगळी असली तरी एवढ्या फरकात रक्त घेण्याच्या पद्धतीचा वाटा आहे. म्हणून आपल्या गावाचा आकडा ‘राज्यापेक्षा चांगला’ असे लिहिण्यापूर्वी दोन्हीकडे रक्त कसे घेतले ते ताडून पाहावे.

मुलाखत : आशाताई सोबत असल्याशिवाय अनोळखी विद्यार्थ्याला दार उघडत नाही. पण लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हा प्रश्न त्यांच्यासमोर विचारला तर उत्तर ‘हो’ असेच येते, कारण गोळ्या त्यांनीच दिलेल्या असतात. त्यांनी ओळख करून द्यावी आणि ओसरीवर थांबावे. सासू शेजारी बसलेली असताना पाळीविषयीचे प्रश्नही वायाच जातात. चोवीस तासांतील आहार विचारताना आदला दिवस एकादशीचा, चतुर्थीचा किंवा लग्नाचा नव्हता ना, हे तपासावे. वय विचारल्यावर ३०, ३५, ४० असे गोल आकडे भराभर येऊ लागले तर पहिल्या मुलाच्या वयावरून किंवा आधारकार्डावरून पडताळणी करावी.

आर्थिक स्तरासाठी बी. जी. प्रसाद श्रेणी (१९६१) वापरतात. ती दरडोई मासिक उत्पन्नावर आधारलेली असून औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार अद्ययावत करावी लागते. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष आता २०१६ आहे; जुन्या मालिकेशी जोडणारा २.८८ हा जोडगुणक विसरला तर गरीब कुटुंबे वरच्या वर्गात जाऊन बसतात.

नैतिकता : संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळण्याआधी एकही अर्ज भरता येत नाही; मागाहून मान्यता घेण्याची सोय नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतिपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे. बालकांबाबत पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वयात तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी होकार घ्यावा लागतो. परदेशी विद्यापीठाबरोबरच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. परदेशात शिकणारी मराठी मुले सुट्टीत आजोळच्या गावी ‘छोटासा सर्व्हे’ करू पाहतात. स्थानिक संस्था आणि तिच्या नैतिकता समितीची मान्यता नसेल तर तो करू नये.

तीव्र रक्तक्षय सापडलेल्या स्त्रीला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणे आणि ती पोहोचली का हे पाहणे, हा अभ्यासाचाच भाग आहे. आकडा वहीत लिहून पुढच्या घरी जाणे अक्षम्य आहे.

विश्लेषण आणि अहवाल : एपी इन्फोसारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. नोंदी दोनदा भरून जुळवाव्यात. रिकामी जागा, ० आणि ‘माहीत नाही’ यांना वेगळे संकेतांक द्यावेत. मुख्य उत्तर ९५% विश्वासार्हता अंतरासह, म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे त्यांसह, लिहावे. वीस घटकांची रक्तक्षयाशी सांगड घालून पाहिली तर एखादी निव्वळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ निघते, त्यामुळे कोणते संबंध तपासायचे हे प्रस्तावातच ठरवावे. एकाच वेळी केलेल्या पाहणीत कारण आधी की परिणाम आधी हे कळत नाही. चहा जास्त पिणाऱ्यांत रक्तक्षय जास्त दिसला तरी ‘चहामुळे’ असे लिहिता येत नाही.

प्रत्येक स्त्रीला तिचा हिमोग्लोबिनचा आकडा त्याच दिवशी कार्डावर लिहून द्यावा. वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि ग्रामपंचायतीला एका पानाचा मराठी गोषवारा द्यावा. त्यात उपकेंद्रनिहाय बेरीज असावी, पण तीव्र रुग्ण तीन-चारच असतील तर गावाचे नाव आणि वय शेजारी शेजारी छापू नये. लहान गावात तेवढ्यावरून व्यक्ती ओळखू येते.