ब्रेड तपकिरी, म्हणून गव्हाचा?

‘पांढरा ब्रेड मैद्याचा, ब्राउन ब्रेड गव्हाच्या पिठाचा,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं वाटणं साहजिक आहे. घरची पोळीही तपकिरीच असते. पण मैद्यात कॅरॅमल रंग घातला तरी ब्रेड तपकिरी होतो.

म्हणून पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलंच नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल, तर तो मैदाच. ‘व्हीट’ शब्दाने इथे हमखास गोंधळ होतो, कारण मैदाही गव्हाचाच. फक्त तंतुमय कोंडा आणि अंकुर काढलेला. ‘१५०’ने सुरू होणारा रंगाचा क्रमांक म्हणजे कॅरॅमल. ‘होल व्हीट’ किंवा ‘आटा’ पहिला असेल, तर शेजारची टक्केवारीही बघा.