नाण्यावरचा फुगा म्हणजे रेअर मिंट एरर (टांकसाळीतली दुर्मिळ चूक) नाही
नाण्यावर बारीक फुगे दिसले की लोक लगेच म्हणतात रेअर एरर आहे, लाखात जाईल. अहो नाही! 1982 नंतरचा अमेरिकन सेंट घ्या, आत जवळपास सगळं जस्त आणि वर तांब्याचा अगदी पातळ मुलामा, त्याखाली गॅस अडकला की फुगा येतो, असे सेंट ढिगाने सापडतात. अक्षराच्या कडेला मुलामा फाटून राखाडी रेघ दिसते तिलाही डबल डाय (नाणं पाडायच्या ठशावरच अक्षरं दुहेरी कोरली गेल्याची चूक) म्हणून खपवतात, हे वाईट वाटतं कारण नवखे फसतात. खरा डबल डाय ठशातच असतो, म्हणून त्या ठशाच्या सगळ्या नाण्यांवर तो त्याच जागी दिसतो. आणि तांब्याचा मुलामाच नसलेला पूर्ण पांढरा सेंट मिळाला तर तो खरा एरर मानण्याआधी चमक बघा, अ‍ॅसिडने तांबं उतरवलेलं नाणं निस्तेज, खरबरीत दिसतं.