स्थलांतरित कोण आणि भाषिक अल्पसंख्याक कोण

बेळगाव परिसरात भाषेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते: मराठी बोलणारे बाहेरून आले, त्यांनी इथल्या भाषेत मिसळून जावे. त्याला आपल्याकडून मिळणारे उत्तरही ठरलेले असते: आम्ही उपरे नाही, आमच्या सात पिढ्या या मातीत गेल्या. मला या दोन्ही वाक्यांबद्दल तक्रार आहे, कारण दोन्ही बाजू ‘स्थलांतरित’ आणि ‘भाषिक अल्पसंख्याक’ हे शब्द परस्परविरोधी आहेत, म्हणजे माणूस एक तर हा असतो किंवा तो, असे गृहीत धरून बोलतात.

स्थलांतरित म्हणजे काय, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत कामासाठी आलेला बिहारचा कामगार किंवा दुकान थाटलेला राजस्थानचा व्यापारी आपण रोज पाहतो. देशात कोठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 ने त्यांना दिलेला आहे. रहिवासी दाखल्याला राज्याचे नागरिकत्व समजणे हीसुद्धा चूकच आहे. भारतात नागरिकत्व एकच आहे, आणि अधिवासही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचे वास्तव्य, भारताचाच असतो, वेगळ्या राज्याचा नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात 1984 साली नमूद केले आहे.

आता शहापूरकडे पाहू. आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते. संस्थान विलीन झाल्यावर 1948 मध्ये ते मुंबई राज्यात आले, 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने म्हैसूर राज्यात गेले आणि 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. शहापुरातील ज्या कुटुंबाने या सर्व काळात आपला उंबरठाही बदलला नाही, ते आधी बहुसंख्याकांपैकी होते आणि नंतर अल्पसंख्याक झाले. त्याच कायद्याने बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच ठेवला. म्हणून आज बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघाल्यावर थोड्याच वेळात लागणारे शिनोळी महाराष्ट्रात आहे. एखादा मराठी भाषक बेळगावातील घर सोडून शिनोळीत राहायला गेला, तर तो स्थलांतरित होतो आणि त्याच वेळी बहुसंख्याकही होतो. मागे राहिलेला त्याचा भाऊ जागचा हललेला नसतो आणि अल्पसंख्याक असतो.

खरी गल्लत इथेच होते, म्हणून इथे सावकाश वाचावे. माणूस हलला की नाही, या प्रश्नाचे उत्तर ‘स्थलांतरित’ हा शब्द देतो. ‘भाषिक अल्पसंख्याक’ हा शब्द वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो: या राज्याच्या लोकसंख्येत ही भाषा बोलणारे संख्येने कमी आहेत काय? टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात 2002 मध्ये 11 न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्याकत्व ठरवण्याचे एकक राज्य हेच मानले. त्यात पूर्वजांच्या आगमनाचा हिशेब येत नाही. अनुच्छेद 29 देखील भारतात किंवा त्याच्या कोणत्याही भागात राहणाऱ्या नागरिकांच्या गटाला आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. त्यासाठी राहणे पुरेसे आहे, सात पिढ्या राहण्याची अट तेथे नाही.

म्हणूनच ‘आम्ही उपरे नाही’ हा युक्तिवाद खरा असला तरी मला तो घातक वाटतो. तो करताना आपण नकळत मान्य करतो की उपऱ्याला भाषेचा हक्क नसतो, आणि मग सगळा वाद शिलालेख, बखरी आणि जुन्या उताऱ्यांवर जाऊन अडकतो. शाळा, फलक आणि परिपत्रके हे मुद्दे बाजूला पडतात. स्थानिकांना नोकऱ्यांत राखीव जागा देणारे कर्नाटकाचे 2024 चे विधेयक, जे पुढे स्थगित ठेवले गेले, त्यात हीच सरमिसळ होती: स्थानिक ठरण्यासाठी राज्यात जन्म, 15 वर्षांचे वास्तव्य आणि वर कन्नडचे ज्ञान. वास्तव्य आणि भाषा यांना एकाच व्याख्येत बांधले की येथेच जन्मलेला माणूसही आपल्या गावात अस्थानिक ठरू शकतो.

सीमा बदलल्यामुळे माणसे अल्पसंख्याक होणार, हे राज्य पुनर्रचना आयोगाला दिसत होते. त्याच्या शिफारशींनुसार 1956 मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीसाठी 350क आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्यासाठी 350ख हे अनुच्छेद घातले गेले. तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात किमान 15 टक्के लोक ती भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे सूत्रही पुढे ठरले. स्वतःला अल्पसंख्याक म्हटले तर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा सीमा दावा कमकुवत होईल, अशी भीती काहींना वाटते. मला ती पटत नाही, कारण प्रदेश कोणत्या राज्याचा, हा दाव्याचा विषय आहे आणि मुलाला पहिलीत कोणत्या भाषेतून शिकवायचे, हा आजचा विषय आहे.

हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड भाषक तेथे पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, आणि त्यांना परके म्हणणारे मराठी लोक मी ऐकले आहेत. ते महाराष्ट्रातील भाषिक अल्पसंख्याक आहेत आणि कन्नड शाळा मागण्याचा त्यांचा हक्क आपल्या हक्काइतकाच पक्का आहे.

तेव्हा अर्ज लिहिताना पणजोबांची हकिकत गाळावी. अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते, त्यामुळे अर्ज मराठीतच द्यावा. मात्र उत्तरही मराठीत मिळेलच, अशी हमी तो अनुच्छेद देत नाही. उत्तर मराठीत हवे असेल तर 15 टक्क्यांचे सूत्र आणि आपल्या तालुक्याचे जनगणनेतील आकडे अर्जासोबत जोडावेत.