मोटरहोमचं ब्रेक ऑइल : घाट उतरण्याआधी एवढं वाचा

आमचं गॅरेज हातखंबा तिठ्याजवळ आहे. कोल्हापूरकडून आंबा घाट उतरलेली गाडी रत्नागिरीकडे किंवा गणपतीपुळ्याकडे जाणार असली, तर इथूनच जाते. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आता ट्रॅव्हलर व्हॅनच्या किंवा तशाच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) बांधलेली फिरती घरं, म्हणजे मोटरहोम, आमच्या दारात नेहमीची झाली आहेत. त्यांच्या मालकांना आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं. "गाडी फिरलीच कुठे? जेमतेम आठ हजार किलोमीटर झालीत." या उत्तराचीच आम्हाला काळजी वाटते, म्हणून हे पत्रक काढलं.

इंजिन ऑइल गाडी चालली की खराब होतं. ब्रेक ऑइल गाडी उभी असली तरी खराब होतं. नाव ऑइल असलं, तरी ते तेल नव्हे. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतला ओलावा ओढून घेणं हा त्याचा स्वभाव. आषाढात बरणीचं झाकण सैल राहिलं की मिठाला पाणी सुटतं, तसंच हे. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, रबरी होज पाइपमधूनही ओलावा हळूहळू झिरपतो. वर्षभर माडाखाली उभ्या असलेल्या गाडीनेही चार महिन्यांचा पाऊस आणि बारा महिन्यांची खारी हवा सोसलेली असते. म्हणून आमच्या ग्राहकांना आम्ही पावसाळे मोजायला सांगतो. दोन पावसाळे झाले की ऑइल बदला, मीटर काहीही दाखवो. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात याहून कमी मुदत दिली असेल, तर ती पाळा.

पाणी मिसळल्याने नेमकं काय बिघडतं? तुम्ही पॅडल दाबता तो जोर मास्टर सिलिंडरमधून पाइपातल्या द्रवावाटे चाकांपर्यंत जातो. द्रव दाबला तरी आकसत नाही, सगळा भरवसा त्यावरच. पण द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ आकसते. मग पाय खाली जातो, पण लायनर, म्हणजे ब्रेकची घासपट्टी, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबला जात नाही. ब्रेक ऑइलची प्रत बाटलीवर 'डॉट' आणि आकडा अशी लिहिलेली असते. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

सपाट रस्त्यावर हा फरक कळणारही नाही. घाटात मात्र कळतो. चार टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे जवळजवळ साठ लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. इंजिनाने गाडी धरली नाही, तर त्यातली बहुतेक ड्रम आणि डिस्कवर येते. मोटरहोम तर कायम भरलेलीच असते : पलंग, गॅस, बॅटऱ्या, फ्रिज. पाण्याच्या टाकीतलं प्रत्येक शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी घाट उतरल्यावर भरा, खाली साखरप्याला पाणी मिळतं. सामान भरून एकदा गाडी वजनकाट्यावर नेऊन बघा. आकडा पाहून बरेच जण गप्प होतात.

एका ग्राहकाचा अनुभव सांगतो. मे महिन्यात ते कुटुंबासह आंबा घाट उतरत होते, गाडी वरच्या गिअरमध्ये आणि पाय सतत पॅडलवर. उतार संपता संपता पॅडल मऊ लागलं आणि पुढच्या वळणावर थेट तळाला टेकलं. त्यांनी पटापट पॅडल मारलं, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला थांबवली. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट! आमच्याकडे पोचले तेव्हा आमच्या मेकॅनिकलाही दाबून काही जाणवलं नाही. ऑइल मात्र काळपट झालं होतं आणि पाच वर्षं बदललेलं नव्हतं. या दोषाची हीच वाईट खोड आहे : गाडी गार झाली की तो लपतो. "आता ठीक आहे" म्हणून पुढचा घाट उतरू नका.

उतरताना ज्या गिअरने तो घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये राहा. न्यूट्रल करू नका. इंजिन तर मुळीच बंद करू नका, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत जाते आणि पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक थोडा जोराने दाबून वेग उतरवा आणि पाय काढून घ्या, चाकांना वारा लागू द्या. जळका वास आला तर सुरक्षित जागा पाहून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

आता आम्ही काय करतो ते. आधी लायनर, पॅड, होज आणि व्हील सिलिंडरचे रबरी बूट तपासतो. नुसती टाकीतली पातळी बघून वरून ऑइल ओतणं आम्ही करत नाही. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, आणि ती झपाट्याने उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग जुनं ऑइल टाकीतून काढून नवं भरतो आणि ज्या चाकाचा पाइप सर्वांत लांब, त्या चाकापासून ब्लीडर निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडून हवा आणि जुनं ऑइल काढत येतो. कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तो. स्वच्छ ऑइल, बुडबुड्याशिवाय, येईपर्यंत निपल बंद होत नाही. पूर्ण बदलायला साधारण लिटर-दीड लिटर लागतं. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर जोडावा लागतो. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचंही ऑइल त्याच वेळी बदलून घ्या.

घरी करणाऱ्यांना दोन सूचना. जुन्या गाडीचं पॅडल तळापर्यंत मारू नका, मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातला गंज आतला रबरी वॉशर फाडतो. आणि नावाने फसू नका : डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये कधीच मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा एक थेंबही नको, त्याने सगळी रबरं फुगतात. गेल्या वर्षी फोडलेली बाटलीही नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुनं ऑइल विषारी आहे, ते आगरात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आमच्याकडे आणून द्या.

आरे-वारे किंवा गुहागरच्या वाळूवर गाडी नेली असेल, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. चासीवरचे ब्रेक पाइप क्लिपच्या आत गंजतात, वरून दिसत नाहीत. धुतल्यावर सावकाश चालवत हलके ब्रेक मारून ते सुकवा. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअर टाकून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

खंडेनवमीला गाडी धुऊन हार घालताच, त्याच आठवड्यात हे काम करून घ्या. पाऊस सरलेला असतो आणि दिवाळीची गर्दी अजून सुरू व्हायची असते. दोन-अडीच तास लागतात, खर्च आधी सांगतो, काढलेले सुटे भाग तुमच्या हातात देतो. फक्त घाट उतरून थेट आलात, तर चाकं गार होईपर्यंत तासभर थांबावं लागेल.