लिव्हर रात्रभर बांधून ठेवा

मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप तडकला होता. स्टीलच्या जाळीचं वेष्टण असलेला नवा पाइप आणला आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाने पसरून बसलो. पाइप अर्ध्या तासात बसला. एअर काढण्यात मात्र सगळा दिवस गेला, आणि संध्याकाळी सहा वाजताही लिव्हर दाबला की जवळजवळ ग्रिपला टेकत होता.

बघे जमलेच. एकाचं म्हणणं, "हवा हलकी असते. गाडी तशीच सोड, आपोआप वर येईल." कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "ट्यूबची पट्टी घे, लिव्हर ग्रिपला करकचून बांध आणि झोप. सकाळी बघ." पहिला सल्ला शाळेच्या विज्ञानाला धरून होता, दुसरा चक्क तोडगा वाटला. पण बरोबर होते काका.

आधी थोडं गणित. लिव्हर दाबला की ब्रेक ऑइल पुढे ढकलणारं हँडलवरचं नळकांडं म्हणजे मास्टर सिलिंडर, माझ्या गाडीत त्याचा व्यास १२.७ मिलिमीटर. दट्ट्या पुरा आत गेला तर जेमतेम सव्वा ते दीड घनसेंटिमीटर ब्रेक ऑइल ढकलतो, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. पॅड डिस्कपासून केसभरच लांब असतात, त्यामुळे एवढं पुरतं. बोटांनी पाच किलोचा जोर लावला, लिव्हरनं तो पाचपट केला, की त्या इवल्या दट्ट्यावर साधारण २० वातावरणांचा दाब तयार होतो. पास्कलच्या नियमानुसार तो जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चाकाजवळच्या भागापर्यंत, पोचतो. १९६९च्या होंडा सीबी ७५०वर पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क आली तेव्हाही हेच तत्त्व होतं, आजही तेच आहे.

एवढ्या दाबाखाली ब्रेक ऑइल किती आकसतं? सगळ्या यंत्रणेत तीसेक घनसेंटिमीटर ऑइल धरा, आकसणं एका थेंबाहून कमी. आता त्यात शेंगदाण्याएवढा, अर्ध्या घनसेंटिमीटरचा बुडबुडा सोडा. बॉइलच्या नियमानं २० वातावरणांना तो विसाव्या हिश्शावर येतो. ही गेलेली जागा दट्ट्याला भरून काढावी लागते, त्यासाठी तो पावणेचार मिलिमीटर जास्त सरकतो, आणि बोटाशी हेच अंतर जवळपास दोन सेंटिमीटर होतं. लिव्हर मऊ लागतो तो यामुळे. हवा दाब खात नाही, ती लिव्हरची चाल खाते. चाल संपून लिव्हर ग्रिपला टेकला, की मग दाब वाढवायला वावच उरत नाही.

नवा पाइप तर आख्खा हवेनं भरलेला असतो. सव्वातीन मिलिमीटर आतला व्यास आणि मीटरभर लांबी, म्हणजे आठ घनसेंटिमीटर हवा. पहिल्यांदा लिव्हर दाबाल तेव्हा ती जेमतेम वीस टक्के दबते आणि कॅलिपरला काही पत्ताही लागत नाही. म्हणून सगळे करतात तसं मीही केलं. कॅलिपरवरच्या निप्पलवर, म्हणजे हवा सोडायच्या पोकळ स्क्रूवर, पारदर्शक नळी चढवली, तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं, लिव्हर दाबून आठच्या पान्यानं निप्पल सोडला, आवळला, मग लिव्हर सोडला. एका दाबात पाइपमधलं ऑइल सुमारे सोळा सेंटिमीटर पुढे सरकतं. हवा खाली कॅलिपरपर्यंत रेटली जाते, तिथल्या ऐसपैस पोकळीत वर चढते आणि वरच्याच अंगाला ठेवलेल्या निप्पलमधून बुडबुड करत निघून जाते. माझ्याही निघाली. अडून बसली ती वरची, हँडलजवळच्या वळणातली आणि पाइपच्या पहिल्या वीतभर भागातली. जोरात दाबलं की ती थोडी खाली जायची, थांबलं की असेल तिथे ठाण मांडायची.

आता खरी गंमत. उभ्या नळीतला बुडबुडा आपोआप वर का येत नाही?

सलाईन लावलेल्या माणसाशेजारी बसला असाल तर तुम्ही हे पाहिलंय. नळी उभी असते, आत बोटाच्या पेराएवढा लांब बुडबुडा असतो, आणि तो हलत नाही. नर्स टिचकी मारते. त्याच बाटलीत वर बुडबुडे मात्र सुसाट चढत असतात. हवा तीच, पाणी तेच, फरक फक्त नळीच्या जाडीचा.

बुडबुडा वर जायचा तर त्याच्या डोक्यावरचं द्रव खाली यायला हवं. दादरला लोकलचं दार आठवा. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यावी लागते, मगच चढणारे चढतात. रुंद नळीत बुडबुड्याच्या कडेनं द्रव निवांत उतरतं. अरुंद नळीत बुडबुडा म्हणजे दार अडवून उभा राहिलेला धिप्पाड गडी. उतरायला वाट उरते ती फक्त त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या पातळ थराची, आणि तो थर किती जाड असेल हे दोन ताकदींच्या भांडणात ठरतं. पृष्ठताण बुडबुड्याच्या टोकाला गोल टोपीसारखा आकार देऊ पाहतो आणि ती टोपी भिंतीला चपखल बसवतो. गुरुत्वाकर्षण द्रव खाली ओढून टोपी निमुळती करू पाहतं, म्हणजे कडेला फट पडते. नळी जितकी अरुंद तितका पृष्ठताणाचा दाब जास्त, कारण तो त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. उलट टोपीच्या उंचीमुळे पडणारा गुरुत्वाचा दाब त्रिज्येच्या सम प्रमाणात. दोन्हींचं गुणोत्तर त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतं, आणि त्याला बाँड अंक म्हणतात: घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले पृष्ठताण. फ्रान्सिस ब्रेथर्टन यांनी १९६१ साली गणितानं दाखवलं, की हा अंक ०.८४२च्या खाली असेल तर लांब बुडबुडा उभ्या, बंद नळीत चढूच शकत नाही. २०१९मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या संशोधकांनी अतिसूक्ष्म मोजमाप करून दाखवलं, की तो अगदीच थिजलेला नसतो, नॅनोमीटरच्या थरातून कणाकणानं सरकतो. पण डोळ्यांना कळेल अशा वेगानं नाही. ब्रेकसाठी तो अडकलेलाच.

आकडे घाला. पाण्यासाठी ही मर्यादा साधारण पाच मिलिमीटर व्यासाची. ब्रेक ऑइलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून मर्यादा खाली येते, तीन ते साडेतीन मिलिमीटरवर. आणि माझ्या पाइपचा व्यास सव्वातीन! म्हणजे बरोबर सीमारेषेवर. गाडी आठवडाभर उभी ठेवली असती तरी बुडबुडा गेला असताच असं नाही.

(इथवर दम लागला असेल तर बाँड अंक सोडून द्या, दादरचं दार लक्षात ठेवा.)

आता काकांची पट्टी. पाइपमध्ये एक सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा आहे असं धरू. त्याचं आकारमान ८० घनमिलिमीटर. लिव्हर बांधला, दाब वीस पट झाला, बुडबुडा चार घनमिलिमीटरचा झाला. एवढी हवा गोळा होऊन बसली तर दोन मिलिमीटरचा मणी होतो, आणि सव्वातीनच्या नळीत दोनचा मणी दार अडवूच शकत नाही. कडेनं ऑइल उतरायला ऐसपैस वाट मिळते आणि मणी वर निघतो. ब्रेथर्टनचा नियम मोडलेला नाही, तो नियम नळी भरून बसणाऱ्या बुडबुड्याचा, आणि आपण बुडबुड्यालाच रोड केलं. शिवाय दाब जास्त म्हणून थोडी हवा ऑइलमध्ये विरघळते, सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो तशी.

म्हणजे हा तोडगा नव्हे. माझ्या हेडलाइटखाली कोणीतरी हौसेनं बांधलेली लिंबू-मिरचीही दिवसभर तिथेच लोंबत होती. ती वाळली, बुडबुडा ढिम्म. पट्टी आणि लिंबू दोन्ही दोऱ्यानं बांधायचे प्रकार, पण पट्टी का चालते हे मोजून सांगता येतं.

जाता जाता स्टीलच्या पाइपबद्दल. "ब्रेकची ताकद दुप्पट" असं सांगणाऱ्या रील्सवर विश्वास ठेवू नका. ताकद ठरते बोटांचा जोर, लिव्हरचं प्रमाण, मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर अशा दोन्हीकडच्या दट्ट्यांचं क्षेत्रफळ आणि पॅड-डिस्कचं घर्षण यांवर. पाइपचा त्या हिशेबात वाटाच नाही. जुना रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो, स्टीलच्या जाळीचा फारसा फुगत नाही, म्हणून लिव्हर कडक लागतो. चांगली गोष्ट आहे, दुप्पट नाही.

आणि ज्याला आपण ऑइल म्हणतो ते तेल नाही. बाटलीवर लिहिलेले डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलच्या जातीचे द्रव, हवेतला ओलावा शोषणारे. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच हमी १५५वर येते. म्हणून अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्यानं धुवावा, नाहीतर पापुद्रा सुटतो. आणि गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मधल्या युनिटमध्येही हवा अडकू शकते. काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लागतो, तिथे पट्टीच्या भरवशावर राहू नका.

रात्री हँडल असं वळवलं की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच राहील, आणि लिव्हर बांधला. लिव्हर दाबलेला असताना दट्ट्या वरच्या ऑइलच्या टाकीचं छोटं भोक बंद करून बसलेला असतो, म्हणजे वर आलेली हवा त्याच्या पुढ्यात गोळा होऊन थांबते.

सकाळी मास्टर सिलिंडरचं झाकण उघडून पट्टी हळूच सोडली. दट्ट्या मागे आला, दबलेली हवा पुन्हा फुगली आणि त्या भोकातून एक टपोरा बुडबुडा वर आला, मागोमाग मोहरीएवढे चार-पाच. लिव्हर पुन्हा दाबला. अर्ध्या वाटेवर दगडासारखा थांबला. काकांना सांगायला गेलो तर ते दुसऱ्या कुणाच्या गाडीचा लिव्हर बांधत होते.