रेड हिल्सच्या पदभ्रमणासाठी व्हिसा आणि कागदपत्रे : ठाणे व नवी मुंबईतील अर्जदारांसाठी माहिती

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील रिचमंड पर्वतरांगेत रेड हिल्स नावाचा विटकरी रंगाचा उजाड डोंगराळ प्रदेश आहे. एरवी भूकवचाखाली दडलेला प्रावरणाचा खडक येथे थेट पायाखाली येतो. त्यात मॅग्नेशियम भरपूर आणि वनस्पतींना लागणारी पोषक द्रव्ये अत्यल्प असल्यामुळे बीच वृक्षांचे दाट जंगल या खडकाच्या कडेशी एकदम थांबते. ते अरारोआ या देशव्यापी पायवाटेचा अनेक दिवसांचा टप्पा येथून जातो. त्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही. कागदपत्रांची कसोटी लागते ती व्हिसाच्या अर्जात आणि विमानतळावर.

पासपोर्ट न्यूझीलंड सोडण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. नव्या पासपोर्टसाठी वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र सोयीचे आहे. पोलीस पडताळणी मात्र पत्त्यानुसार होते, आणि ऐरोली ठाण्याला खेटून असली तरी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडते, हे अर्ज भरताना ध्यानात ठेवावे.

भारतीय नागरिकांना पर्यटक व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो आणि त्याचा अर्ज इमिग्रेशन न्यूझीलंडकडे ऑनलाइन करता येतो. दरमहा १,००० न्यूझीलंड डॉलर, किंवा निवासाचे पैसे आधीच भरलेले असल्यास ४०० डॉलर, इतकी रक्कम हाताशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. डोंगरातील या वाटेवरच्या हट, म्हणजे मुक्कामाच्या साध्या झोपड्या, आगाऊ आरक्षित होत नाहीत, जो आधी पोहोचेल त्याला जागा मिळते. म्हणून सवलतीच्या भरवशावर न राहता १,००० डॉलरचाच हिशेब धरणे शहाणपणाचे. सोबत बँकेचे विवरण, नोकरीचे व मंजूर रजेचे पत्र आणि दिवसवार प्रवासयोजना जोडावी.

आपल्याकडे अर्ज रखडू शकतो तो मराठी कागदांपायी. सातबारा उतारा किंवा मराठीतील कोणताही दाखला मायदेशी परतण्याचे कारण दाखवण्यासाठी जोडायचा असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते, आणि ते अर्जदाराने स्वतः किंवा घरातल्या कोणी केलेले चालत नाही. घरात इंग्रजीचे प्राध्यापक असले तरी भाषांतर बाहेरूनच करून घ्यावे लागेल.

हटमधील मुक्कामासाठी तेथील संवर्धन विभागाचा बॅककंट्री हट पास घ्यावा. आणीबाणीत संदेश देणारे बीकन तेथेच भाड्याने घेऊन परत करावे. उपग्रह संपर्काची साधने भारतात विनापरवाना बाळगणे कायद्याने महागात पडते.

प्रवासापूर्वी न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन हे विनामूल्य घोषणापत्र भरावे लागते. वापरलेले बूट, तंबू आणि चालण्याच्या काठ्या त्यात जाहीर कराव्यात. येऊरच्या किंवा माहुलीच्या वाटेवरचा तांबडा चिखल बुटांच्या खाचांत वाळून बसतो, तो जुन्या दातब्रशने कोरून काढल्याशिवाय बूट बॅगेत भरू नयेत. मध नेण्यास मनाई आहे. मेतकूट, चिवडा, सुका मेवा असे खाद्यपदार्थ सोबत असल्यास निःसंकोच जाहीर करावेत. जाहीर केलेली वस्तू नियमात बसली नाही तर ती काढून घेतली जाते. लपवलेली वा नोंदवायची राहिलेली वस्तू सापडल्यास मात्र जागीच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.