ओला कचरा: परसातून बादलीपर्यंत

परसात उकिरडा होता तोवर ओला-सुका हा प्रश्नच नव्हता. भाजीची देठं आणि शेण उकिरड्यावर, चुलीतली राख भांडी घासायला आणि रद्दी वाण्याकडे जायची. फ्लॅटमध्ये परस गेलं, मग कॅरीबॅग आली आणि खरकटं, काच, कागद एकाच गाठीत बांधून घराबाहेर जाऊ लागलं. ती गाठ सोडायची कचरावेचक बाईने, उघड्या हातांनी.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. पण ज्यांच्या हाती घराचा डबा होता त्या बायकांची शाळा केव्हाच सुटली होती. त्यांच्यापर्यंत हा विषय दारावरूनच पोचला. पुण्यात १९९३पासून संघटित झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ या उपक्रमातल्या कचरावेचक बायकांनी जे समजावलं, ते कुठल्याही फलकाला जमलं नसतं. कायदा मागून आला: २०००चे घनकचऱ्याचे नियम, आणि २०१६च्या नियमांत घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करणं बंधनकारक झालं.

खताचं शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. ‘ओला कचरा खताच्या कुंडीत टाका’ एवढंच सांगितलं गेलं. चार दिवसांत वास सुटतो, घरचे कुरकुरतात आणि कुंडी बंद पडते. कुजणं वेगळं, सडणं वेगळं. हवा मिळाली तर कचरा कुजतो, नाही मिळाली तर सडतो. म्हणून वीस लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडावीत. खाली दोन इंच सुकी पानं, मग रोज एक वाटी बारीक चिरलेला ओला कचरा आणि त्यावर वाटी-दीड वाटी पानांचा चुरा. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. दोन-तीन दिवसांनी खालीवर करावं. मुठीत दाबल्यावर पाणी गळलं तर आणखी पानं घालावीत. पांढरी बुरशी दिसली की बऱ्याच जणी घाबरून सगळं फेकून देतात. ती तर काम चालू असल्याची खूण. आंब्याची कोय, करवंटी आणि तेलकट उरलंसुरलं त्यात नको. बादली भरल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत खत होतं.

हा घाट बहुतेकदा पावसाळ्यात बिघडतो, कारण तेव्हा कोरडं पान मिळत नाही. फाल्गुनात रस्तोरस्ती पानगळ जाळली जाते, तेव्हाच दोन पोती भरून जिन्याखाली ठेवावीत.